डोकेदुखीची गोळी मला चालत नाही

माझ्या उजव्या कानामागे लहानपणापासून एक आवाज आहे. घुं, घुं, घुं. जिना चढला की तो जलद होतो, निजले की संथ. सांगलीला माहेरी असताना मी एकदा आईला विचारलं होतं, "तुझ्या कानातला आवाज कोणत्या बाजूला आहे गं?" आई भाकरी थापत होती. तिला वाटलं, मी काहीतरी खेळ करते आहे. मला मात्र वाटायचं, हा आवाज सगळ्यांनाच असतो. त्याबद्दल कुणी बोलत नाही, एवढंच.

तो आवाज म्हणजे काय, हे मला लग्नानंतर कळलं. कळलं ते एका फार वाईट दिवसानंतर. पण आज मी बरी आहे, घरात आहे, मांडीवर मूल आहे, आणि ज्यांना असं काही निघालं असेल त्यांनी माझी हकीकत ऐकावी असं वाटतं, म्हणून लिहायला बसले आहे.

लढाईहून आलेला डबा

मी साताऱ्यात मुलींच्या शाळेत शिकवते. सातवीची फायनल पास झाले आणि नोकरी लागली. लग्न झालं तेव्हा हे पलटणीत ड्रायव्हर होते. लढाई संपली आणि हे इटलीहून परत आले. मग सातारा–सांगली सर्व्हिस मोटारीवर लागले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, कुंडलजवळच्या गावी शेतावर असायच्या. आम्ही दोघं मंगळवार तळ्याजवळ दोन खोल्यांत.

यांनी पलटणीतून दोन गोष्टी आणल्या. एक जाड घोंगडी, आणि दुसरा पांढऱ्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा. ए.पी.सी. म्हणायचे त्या गोळ्यांना. ताप आला की ए.पी.सी., अंग मोडून आलं की ए.पी.सी. "आमच्या पलटणीत डाक्टर कमी आन् ह्या गोळ्या जास्त," हे हसत सांगायचे.

मला उजव्या बाजूचं डोकं दुखायची खोड होती. शाळेतून आले की हे माझा चेहरा बघूनच ओळखायचे. चहाबरोबर गोळी पुढं यायची. मी घ्यायची. तासाभरात बरं वाटायचं. आयुष्यात माझ्या डोकेदुखीची एवढी काळजी कुणी केली नव्हती. त्या गोळीत मला यांची माया दिसायची.

पंचमीचा दिवस

नागपंचमीला मी सांगलीला माहेरी गेले होते. सकाळी पाण्याची घागर उचलली आणि डोक्यात काहीतरी फुटलं. दुखलं म्हणत नाही मी, फुटलंच. आतून कुणी कुऱ्हाड घातली असं. घागर पडली, मी पडले. उलट्या सुरू झाल्या. मान ताठ झाली, दारातला उजेड डोळ्यांना सोसेना.

माझा थोरला भाऊ, दादा, मोटार-स्टँडवर धावला. यांची मोटार नुकतीच येऊन लागली होती. हे तसेच आले, खिशातला डबा उघडला आणि दोन गोळ्या माझ्या तोंडात घातल्या. त्या उलटून पडल्या. मग मला घोंगडीत घालून दवाखान्यात नेलं. हे सगळं मला नंतर दादानं सांगितलं. मला आठवतो तो फक्त यांचा आवाज. "इंदू, डोळं उघड. आगं, बघ की माज्याकडं."

डॉक्टरांनी मला तपासलं, पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढलं. ते पाणी स्वच्छ असावं लागतं. माझं लाल होतं.

"मेंदूत रक्तस्राव झालाय," डॉक्टर म्हणाले, आणि लगेच यांना विचारलं, "यांना आज काय औषध दिलंत? त्याआधी काय देत होता?"

यांनी डबा टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी एक गोळी उचलून बघितली. तेही लढाईत जाऊन आलेले होते. त्यांना डबा बघूनच कळलं.

"यात अॅस्पिरिन असतं," ते म्हणाले. "ह्यानं रक्त लवकर गोठत नाही, असं आता आम्हा डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागलंय. अजून सगळंच पक्कं माहीत नाही. पण यांच्या डोक्यात फुटलेली नस बंद व्हायला रक्त गोठावं लागेल. आजपासून ही गोळी बंद."

दादा सांगतो, हे खाली बसले. नुसते जमिनीवर बसले. "साहेब, म्हंजे म्याच केलं व्हय हे?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळीनं नस फुटत नाही. ती आतूनच कच्ची असणार. पण फुटल्यावर ही गोळी तिला थांबू देत नाही. तुम्हाला ते कुठून ठाऊक असणार? कालपर्यंत मीसुद्धा ह्याच गोळ्या वाटत होतो."

ते शेवटचं वाक्य डॉक्टर बोलले नसते, तर आमच्या संसाराचं काय झालं असतं मला माहीत नाही. हे अजून अधूनमधून ते वाक्य आठवून सांगतात.

अंधारी खाट

मला खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात ठेवलं. उठायचं नाही, बसायचं नाही, कूस बदलायची तर दुसऱ्यानं बदलवायची. खोकायचं नाही, जोर करायचा नाही. पोट साफ राहावं म्हणून इसबगोल. तोटीच्या कपातून पेज. शाळेत चाळीस मुलींना गप्प बसवणारी मी, आता माझ्या तोंडाला लागलेली पेज दुसऱ्या कुणीतरी पुसायची.

ते पुसणाऱ्या होत्या रूथसिस्टर. थोराड बांध्याच्या, मिरजेकडच्या, बोलणं अगदी आमच्या गावच्यासारखं. त्या मला वॉर्डातल्या बातम्या द्यायच्या. कुणाला मुलगा झाला, कुणाच्या नवऱ्यानं चोरून भजी आणली. मी हसू लागले की म्हणायच्या, "हसू नगंसा बाई, हळू. नुसतं मनात हसा."

भीती होतीच. झोप लागताना वाटायचं, आता जाग येईल की नाही. एके दुपारी माझा डावा हात आपोआप उडायला लागला. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझा नव्हता. मग शुद्ध गेली. फिट आली होती. तेव्हापासून मला फिटच्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी सारखी झोप यायची, जीभ जड व्हायची. पण हात पुन्हा उडाला नाही.

मोटार सांगलीला लागली की हे येऊन स्टुलावर बसायचे. गोळ्यांचा डबा रिकामा करून त्यांनी त्यात नट-बोल्ट भरले होते. मला तो दाखवला आणि म्हणाले, "आता ह्यातलं कायबी तुला देत न्हाई." मी मनात हसले.

डॉक्टरांनी ऐकलेलं

मी जरा सावरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "मास्तरीणबाई, कानात कधी काही वाजतं का?"

"वाजतं की. लहानपणापासून."

त्यांनी वॉर्डातली गडबड थांबवायला सांगितली, तपासायची नळी माझ्या उजव्या कानामागे लावली आणि डोळे मिटून किती तरी वेळ ऐकत राहिले. जो आवाज आजवर माझा एकटीचा होता, तो दुसरा माणूस ऐकत होता. मला रडू आलं. घाबरून नाही. मी खोटं सांगत नव्हते, एवढ्याचंच बरं वाटलं.

मग डॉक्टरांनी नळी यांच्या कानाला लावली. हे जन्मभर इंजिनं ऐकणारे. ऐकताना चेहरा उतरत गेला. "साहेब, लय जोरात वाहतंय."

डॉक्टरांनी मग उसाच्या रानाचा दाखला देऊन सांगितलं. पाटाचं पाणी जोराचं असतं. ते बारक्या दंडांतून, म्हणजे रानातल्या लहान चरांतून, फिरत फिरत सरीत उतरतं, म्हणून सरी फुटत नाही. डोक्यातही तसंच असतं. माझ्या डोक्यात एका जागी ते बारके दंडच झालेले नाहीत. पाट सरळ सरीत उतरलाय, जन्मापासून. नसांचा गुंता झालाय, आणि पातळ नसांवर सगळा जोर येतोय.

"काढून टाकता येईल?" मी विचारलं.

"ते करणारा माणूस माझ्या माहितीत जवळपास कुणी नाही. आणि आंधळेपणानं डोकं उघडायला मी सांगणार नाही. ह्याला घेऊनच राहायला शिकायचं. पुष्कळ माणसं राहतात."

घरी सोडायच्या दिवशी त्यांनी गावाहून आलेल्या आत्याबाईंना आणि यांना समोर उभं केलं आणि शाळेत धडा घ्यावा तसं सांगितलं. अॅस्पिरिन कुठल्याही रूपात नाही. ते डोकेदुखीच्या पुड्यांत असतं, सर्दीच्या गोळ्यांत असतं, वरचं नाव निराळं असतं, म्हणून विकणाऱ्याला आत काय आहे ते विचारायचं. त्याला सांगता आलं नाही तर घ्यायचं नाही. फिटच्या गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, कितीही बरं वाटलं तरी. एकाएकी सोडल्या तर मोठी फिट येते. त्या संपायच्या आत नव्या आणायच्या. वैद्याचं असो, दुकानातलं असो, नवं औषध विचारल्याशिवाय नाही. आणि कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवला की आधी आपलं डोकं सांगायचं, मग दुखणं.

मग म्हणाले, "आजी, आता तुम्ही सांगा, मी काय बोललो?"

आत्याबाई पदर सावरून म्हणाल्या, "हिला कुनी काय द्याचं न्हाई, म्हनला तुमी."

"झालं की," डॉक्टर म्हणाले.

नको म्हणणं

औषध घेणं सोपं असतं. नको म्हणणं अवघड, हे मला साताऱ्यात परत आल्यावर कळलं. माझ्यासाठी आत्याबाईही गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या.

मला बघायला येणारी प्रत्येक बाई हातात काहीतरी घेऊन यायची. कुणी चूर्ण, कुणी लेप, कुणी मुंबईहून आलेली पुडी. "माझ्या जावेला एका पुडीत गुण आला." घेतलं नाही की चेहरा पडायचा. चार माणसांत शिष्ट ठरायची वेळ आली. शेवटी मी एक वाक्य पाठ केलं, "डोकेदुखीची गोळी मला चालत नाही, डॉक्टरांनी बंदी केलीय." पुढं काही समजावायचं नाही. चहा द्यायचा.

मोठा प्रसंग घरातच झाला. आत्याबाईंचे भाऊ, म्हसवडचे मामा, झाडपाल्याची औषधं द्यायचे. पंचक्रोशीतली माणसं त्यांच्याकडे यायची. आत्याबाईंनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. मामा एवढ्या लांबून काढ्याची पुडकी घेऊन आले. आत्याबाईंनी काढा उकळून पेला माझ्यापुढं धरला.

मी म्हणाले, "आत्याबाई, मला नाही घेता येणार."

"का? माज्या भावानं इख आनलंय व्हय?"

"तसं नाही हो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय..."

"डागदर, डागदर! चार बुकं शिकली म्हनून घरातलं मानूस खोटं झालं काय?" त्यांनी पेला खाली ठेवला आणि तोंड फिरवलं. यांनी मध्ये पडायला तोंड उघडलं, तर मामांनी हातानं थांबवलं.

"पोरी, डागदर काय म्हनला ते मला सांग," मामा म्हणाले.

मी सांगितलं. पाटाच्या पाण्यासकट सगळं. मामा ऐकत राहिले. मग त्यांनी पुडकी परत फडक्यात बांधली. "आक्का, ऱ्हाऊ दे. माझं औषिद गुणाचं हाय, पर हिच्या डोस्क्यात काय चाललंय ते मला दिसत न्हाई. न दिसनाऱ्या जागी मी हात घालत न्हाई."

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग म्या काय करू हिच्यासाठी? नुसतं बघत बसू?"

"तेल लावून डोसकं चेप की. त्याला कुनाला इचारायला नगं."

तेव्हापासून दिवेलागणीच्या आधी आत्याबाई मला पुढ्यात बसवून खोबरेल तेल लावू लागल्या. बोलणं मात्र काही दिवस बंदच होतं. मग एकदा तेल लावता लावता म्हणाल्या, "केस लय गळाल्यात तुझं." तिथून आमचं परत सुरू झालं.

आणखी एक सोय झाली होती. औषधाचा काही प्रश्न पडला की तो यांच्या मोटारीतून सांगलीला जायचा आणि उत्तर दुसऱ्या फेरीला परत यायचं. एकदा माझी दाढ ठणकत होती. हे साताऱ्यात औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं पुडी काढून दिली.

"यात काय हाय?" यांनी विचारलं.

"अहो, सगळे घेतात."

"सगळ्यांचं सोडा. यात हाय काय?"

दुकानदार वैतागला. हे पुडी न घेताच आले. दुसऱ्या दिवशी सांगलीहून निरोप आला, लवंगेचं तेल लावा, पुडी नको, दाढ काढायची झाली तर आधी मला कळवा. पुढं पुढं मोटारीतले नेहमीचे उतारूही यांना विचारायचे, "आज बाईंचा काय सवाल?"

जोखीम

मी शाळेत परत रुजू झाले आणि वर्षभरानं मला दिवस गेले. आनंद झाला, आणि त्याच आठवड्यात आम्ही सांगलीला डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. "धोका आहे. होणार नाही असं मी म्हणणार नाही. पण नीट सांभाळून पार पाडता येईल असं मला वाटतं. आठव्यात सांगलीला येऊन राहा. तुम्हाला जास्त जोर करू देणार नाही, मी चिमट्यानं बाळ काढेन. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. बाळंतपणानंतर बायकांना एर्गटचं औषध देतात, पोट आवळायला. त्यानं रक्ताचा दाब चढतो. तुमच्या डोक्याला तो नको. मी सांगितल्याशिवाय ते घ्यायचं नाही."

सांगलीत कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच केलं. मी जोर करायला लागले की रूथसिस्टर म्हणायच्या, "तोंडानं श्वास घ्या, तोंडानं." कानामागचा आवाज इतका वाढला होता की मला दुसरं काही ऐकू येईना. आणि मग त्यातूनही मला रडणं ऐकू आलं. मुलगी.

एवढ्यात डॉक्टरांना दुसऱ्या एका अडलेल्या बाईकडे बोलावणं आलं. रूथसिस्टर बाळाला घेऊन पलीकडे गेल्या. माझ्याजवळ एक नवी नर्स होती. तिनं माझ्या ओठांना छोटा पेला लावला. काळपट, कडू वासाचं काहीतरी.

माझे डोळे मिटत होते. घेऊन टाकावं, झोपावं, असं फार वाटलं. पण मी विचारलं, "हे काय आहे?"

"घ्या बाई. सगळ्यांनाच देतो."

"एर्गट आहे का?"

"हो. घ्या लवकर, रक्त जातंय."

मी तोंड मिटून घेतलं. ती घाबरली. तिचंही खोटं नव्हतं, रक्त खरंच जात होतं, मला ते कळत होतं. "अहो, काही झालं तर मी काय सांगू?" ती रडकुंडीला आली.

जीभ जड झाली होती. तरी मी म्हणाले, "माझ्या डोक्यात नसांचा गुंता आहे. डॉक्टरांना विचारा. मग देतील ते घेते."

ती पेला ठेवून धावत गेली. रूथसिस्टर आल्या, बाळ माझ्या छातीशी लावलं आणि माझ्या पोटावर हात ठेवून जोरजोरात चोळू लागल्या. "डॉक्टर येस्तोवर ह्याच हातांनी आवळते मी. बाळाला पाजा. त्यानंबी आवळतं." त्यांच्या कपाळावरून घाम माझ्या हातावर पडत होता. डॉक्टर आले, त्यांनी रक्त बघितलं, पोट चाचपलं. "एर्गट नको. चालू द्या सिस्टर, थांबतंय." आणि ते थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती नवी नर्स माझ्या खाटेशी आली. "मला तुमचं कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही बोललात ते फार बरं झालं." मी तिचा हात धरला. वीस बायकांना जे चालतं ते एकविसाव्या बाईला चालत नाही, हे तिला कुठून कळणार? ते एकविसाव्या बाईनंच सांगायला हवं. माझ्यासारख्या कुणी हे वाचत असतील, तर त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. उत्तर माहीत नसलं तरी चालेल, पण प्रश्न विचारायला लाजू नका.

घरी निघायच्या आधी मी डॉक्टरांना म्हणाले, "हिचंही डोकं ऐका ना." ते हसले नाहीत. मुलीला टेबलावर निजवून दोन्ही कानांमागे, टाळूवर, नीट ऐकलं. ती तेवढ्यात किंचाळली. "काही नाही," डॉक्टर कान चोळत म्हणाले, "हा एवढा बाहेरचाच आवाज आहे."

आज

मुलगी आता चालते. मी शाळेत जाते. फिटच्या गोळ्या चालू आहेत. डोक्यातला गुंता आहे तिथंच आहे, आणि तो पुन्हा कधी फुटणारच नाही असं मला कुणी सांगितलेलं नाही. पण त्याचा विचार मी रोज करत नाही. धुणं असतं, वह्या तपासायच्या असतात, मुलगी चुलीकडे धावत असते.

गेल्या रविवारी उन्हातून बाजार करून आले आणि डोकं दुखायला लागलं. घरात सगळं थांबलं. यांनी मला दोन प्रश्न विचारले, मान हलते का, उजेड सोसतो का. मान हलत होती, उजेड सोसत होता. आत्याबाईंनी कपाळावर ओली घडी ठेवली आणि खिडकी लोटली. हे मुलीला खांद्यावर घेऊन तळ्याकडे गेले.

मी पडून राहिले. बाहेर कुणीतरी कपडे आपटत होतं. डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि डोकं अगदी हलकं झालं होतं. नुसतं डोकंच दुखलं होतं, चारचौघींचं दुखतं तसं.

मी उठले आणि पिठलं टाकलं.